लग्न ठरलंय? मग मुलं 'किती, कधी आणि कसं' हे दोघांनी कसं ठरवायचं

माझ्या लग्नाच्या बॅगेत दोन वस्तू अगदी शेजारी शेजारी होत्या. एक थर्मामीटर, कारण नवरा कॅथलिक आणि चर्चच्या लग्नाआधीच्या कोर्समध्ये एका जोडप्याने आम्हाला सुपीक दिवस ओळखायला रोज सकाळचं तापमान लिहायचा तक्ता समजावून दिला होता. दुसरं म्हणजे रुमालात गुंडाळलेली माला-डीची, म्हणजे रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांची, दोन पाकिटं, जी माझ्या आईने साड्यांच्या खाली सरकवली आणि वर "असू दे गं, लागली तर" एवढंच बोलली. आई सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चची, मीही तिथलीच. आजोबा नगरहून इंदूरला मिलमध्ये कामाला आले आणि इथेच राहिले. नवरा वसईचा, पीथमपूरला नोकरी, शिफ्ट ड्यूटी. म्हणजे एका बॅगेत दोन चर्च आणि दोन पद्धती, आणि आमचं दोघांचं अजून काहीच बोलणं झालेलं नव्हतं.

आता डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे. परवा तिचा फोन आला, "ताई, हे सगळं तुम्ही लोक नेमकं ठरवता कसं गं, विचारू कुणाला?" दीड तास बोलले, ताटलीतले पोहे थंड झाले, वरची सेव मऊ पडली. तेच सगळं इथे लिहून ठेवतेय, अजून कुणाला तरी उपयोगी पडेल. मी डॉक्टर नाहीये, पण दोन मुलं आणि चौदा वर्षांचा संसार एवढा अनुभव आहे, आणि या विषयावर आमच्या घरी जेवढं वाचन आणि भांडण झालंय तेवढं फारच कमी घरांत झालं असेल.

पहिलं काम, लग्नाच्या आधी बोला. आणि समोरासमोर बसून नका बोलू, लाज वाटते, मग दोघंही "बघू या पुढे" म्हणून उठतात. आम्ही बोललो ते पातालपानीच्या रस्त्यावर बाईकवर, तो पुढे मी मागे, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं. विचारायचं एवढंच: मुलं हवीत का आणि साधारण किती, पहिलं लगेच हवं की एक-दोन वर्षांनी, आणि ठरवलेलं नसताना राहिलं तर आपण काय करणार. हा तिसरा प्रश्न सगळे टाळतात आणि खरं तर तोच आधी विचारायला हवा, कारण त्याच्या उत्तरावर पद्धत ठरते. "राहिलं तर राहिलं, प्रभूची देणगी" असं दोघंही मनापासून म्हणत असाल तर थोडी कमी खात्रीची पद्धतही चालेल. पण एकाच्या पोटात गोळा येत असेल तर नाही चालणार.

मग आपलं चर्च काय म्हणतं ते नीट माहीत करून घ्या, ऐकीव नको. आमच्या मंडळीतल्या अर्ध्या लोकांना वाटतं ख्रिस्ती माणसाला गोळी चालतच नाही, आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटतं आपल्यात असलं काही बंधन नसतंच, ते फक्त कॅथलिकांचं. खरी गोष्ट अशी की १९३० पर्यंत जवळपास सगळीच चर्चेस विरोधात होती. त्या वर्षी अँग्लिकन बिशपांची लॅम्बेथला परिषद झाली आणि तिथे पहिल्यांदा काही अटींवर दार किलकिलं झालं, म्हणजे नैतिक कारण हवं, स्वार्थ किंवा ऐषआराम हे कारण नको. त्याच वर्षाच्या शेवटी पोप पायस अकरावे यांनी उलट पत्र काढून मनाई पक्की केली. नंतर १९६८ ला पोप पॉल सहावे यांचं पत्र आलं, हुमाने व्हिते, आणि कॅथलिक शिकवण आजही तीच आहे: गोळी, निरोध, कॉपर टी, नसबंदी यातलं काही नाही, पण योग्य कारण असेल तर स्त्रीच्या चक्रातले दिवस पाळून अंतर ठेवायला हरकत नाही. प्रोटेस्टंट बाजूला सहसा हा निर्णय नवरा-बायकोच्या विवेकावर सोडतात, गर्भपाताचा मुद्दा मात्र वेगळा धरतात.

त्या १९६८ च्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे जी लोकांना कुणी सांगत नाही. आजारावरचा उपचार म्हणून औषध घ्यावं लागत असेल आणि त्याने गर्भ राहत नसेल, तर त्याला मनाई नाही. पीसीओएस किंवा खूप रक्तस्राव यासाठी डॉक्टरने हार्मोनची गोळी दिली असेल तर ती घेताना मनात पाप धरून बसू नका. माझ्या नणंदेने सहा महिने गोळ्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिल्या होत्या, फादरना विचारायची हिंमत नव्हती म्हणून, आणि अशक्तपणाने जिना चढताना धाप लागायची तिला. शेवटी विचारलं तेव्हा फादर म्हणाले, घे ना बाई, औषध आहे ते.

आणि "कॅथलिक म्हणजे जेवढी होतील तेवढी" असं कुणी ऐकवलं तर २०१५ च्या जानेवारीतलं आठवा, पोप फ्रान्सिस फिलिपीन्सहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलताना म्हणाले होते की चांगलं कॅथलिक व्हायला सशांसारखी पिल्लं काढावी लागत नाहीत. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या आधी क्रूस करून मग हसल्या.

पवित्र शास्त्रातली वचनं दोन्हीकडून फेकली जातात. "फलद्रूप व्हा" हे उत्पत्तीतलं, स्तोत्र १२७ मधला बाणांनी भरलेला भाता, आणि ओनानची गोष्ट, मेलेल्या भावाच्या बायकोकडे जाऊन वंश नको म्हणून वीर्य जमिनीवर सांडणारा तो. ओनानबद्दल मला आमच्या पाळकसाहेबांचं म्हणणं पटलं, त्याला शिक्षा झाली ती मेलेल्या भावाच्या विधवेचा हक्क बुडवला म्हणून. पण नवऱ्याच्या बाजूला तसं शिकवत नाहीत, यावर आमचं दोघांचं आजही एकमत नाही आणि आता आम्ही त्यावर जेवणाच्या टेबलावर वाद घालत नाही. मला स्वतःला उपयोगी पडलेलं वचन वेगळंच आहे, पहिले करिंथ सातव्या अध्यायातलं, की नवरा-बायकोने दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने आणि थोडा वेळच. संमती हा शब्द तिथे स्पष्ट आहे. पद्धत कुठलीही असो, एकाने ठरवून दुसऱ्यावर लादायची नाही, लपून गोळी घ्यायची नाही आणि लपून बंदही करायची नाही.

पुढची गोष्ट आपल्या लोकांसाठी खास महत्त्वाची आहे आणि डॉक्टर आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना तो प्रश्नच पडत नाही. तुम्ही दोघं जीव कधीपासून मानता? बीज फळतं, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू एक होतात, तेव्हापासून मानत असाल तर प्रत्येक साधनाबद्दल विचारा की हे नेमकं कुठे काम करतं, बीज फळायच्या आधी की नंतर. निरोध, नसबंदी, दिवस पाळणं ही सरळ आधी थांबवणारी. नेहमीची हार्मोनची गोळी आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन मुख्यतः बीज बाहेर पडूच देत नाहीत. कॉपर टी मुख्यतः शुक्राणूंना निकामी करते, पण क्वचित पुढच्या टप्प्यावरही परिणाम होऊ शकतो म्हणून काही जोडपी ती नको म्हणतात. आणि छाया, ती आठवड्याची बिनहार्मोनची गोळी, लखनऊच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने शोधलेली, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तिचं काम गर्भाशयाच्या अस्तरावर आहे, फळलेलं बीज रुजायला तिथे जमत नाही. गोळी तशी सोयीची आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदाच, पण ज्यांच्या मनात हा जिवाचा प्रश्न पक्का आहे त्यांना हे आधीच कळायला हवं, चार वर्षं घेतल्यावर नाही. उलट ७२ तासांतली इमर्जन्सी गोळी लोक गर्भपाताची समजतात, ती तशी नाही, ती बीज बाहेर पडणं लांबवते आणि आधीच राहिलेल्या गर्भाला काही करत नाही. जितकी लवकर घ्याल तितकी कामाची, पण महिन्याचं रेशन असल्यासारखी घ्यायची नाही.

आता खात्रीचं. शंभर जोडप्यांनी वर्षभर, घरात माणसं वापरतात तसं म्हणजे चुकत-माकत वापरलं, तर निरोधवर साधारण १३ जणींना दिवस जातात, रोजच्या गोळीवर ७, तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर ४, कॉपर टीवर एकपेक्षा कमी. वीर्य पडायच्या आधी बाहेर काढून घेण्यावर २०. दिवस पाळण्याच्या पद्धतींचा आकडा कुठली पद्धत आणि किती काटेकोर यावर २ पासून २३ पर्यंत हलतो, म्हणून कोर्समध्ये कुणी "९८ टक्के" म्हटलं आणि मैत्रिणीने "काही उपयोग नाही" म्हटलं तर दोघी आपापल्या जागी खऱ्या असतात.

नैसर्गिक पद्धतीबद्दल जरा जास्त लिहिते कारण ती मी केलीये आणि तीत तोंडावर आपटलेय पण. करायची कशी, तर सकाळी डोळे उघडले की उठायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी, रोज त्याच वेळी तोंडात थर्मामीटर. तापाचा साधा नको, दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा हवा, कारण बीज बाहेर पडल्यावर तापमान जेमतेम ०.२ ते ०.५ सेल्सिअस चढतं. शाळेची चौकटीची वही घ्या, टिंब टिंब जोडत जा. सोबत दिवसातून दोन-तीनदा पुसताना स्राव कसा आहे ते बघायचं, कोरडं, चिकट, की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं लांब ताणलं जाणारं. ते ताणलं जाणारं दिसलं की दिवस सुपीक. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, बीज मात्र एखादाच दिवस, म्हणून दूर राहायचं ते स्राव दिसायला लागल्यापासून, तापमान चढायची वाट बघून नाही. मागच्या सहा दिवसांपेक्षा वरचं तापमान सलग तीन दिवस मिळालं आणि स्रावाचा शेवटचा ओला दिवस जाऊन तीन दिवस कोरडे गेले, की मग पुढची पाळी येईपर्यंत मोकळे. शिकवणारं जोडपं किंवा नर्स मिळाली तर पहिले तीन महिने वही त्यांना दाखवा, एकट्याने नाही जमत.

आमचं चुकलं ते असं. पहिल्या मुलीनंतर दोनेक वर्षांनी मी वही बंद करून फोनवर अ‍ॅप घेतलं, वही कोण सांभाळणार म्हणून. अ‍ॅपमध्ये तापमान भरायचा मला कंटाळा, फक्त पाळीची तारीख टाकायचे आणि ते हिरवा-लाल रंग दाखवायचं. त्या सप्टेंबरात मला व्हायरल झाला, आठ दिवस ताप, बीज बाहेर पडणंच लांबलं, आणि अ‍ॅपला बिचाऱ्याला ते काय माहीत, त्याने आपलं मागच्या महिन्यांची सरासरी काढून हिरवं दाखवलं. नवरा नाइट शिफ्ट संपवून आलेला, रविवार सकाळ, मुलगी आजीकडे. असो. आमचा धाकटा आता नऊ वर्षांचा आहे आणि त्याचं दुसरं नाव इमॅन्युएल ठेवलंय, घरात त्याला "हिरवा" म्हणतात आणि का ते त्याला अजून सांगितलेलं नाही. धडा एवढाच की आजारपण, रात्रीची ड्यूटी, प्रवास, बाळंतपणानंतरचे महिने यात तारखेवर विसंबायचंच नाही. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत दूर राहायची एक सोपी पद्धत आहे, पण ती फक्त ज्यांचं चक्र कायम २६ ते ३२ दिवसांत बसतं त्यांच्यासाठी, माझं कधीच बसलं नाही.

अंगावर पाजण्याचं पण सांगते, कारण आपल्याकडे "पाजतेय ना, मग काय होतंय" असं सर्रास म्हणतात. ते खरं आहे पण तीन अटींवर आणि तिन्ही एकदम: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि पाळी अजून आलेली नाही. एक जरी अट मोडली की त्याच दिवसापासून दुसरं काहीतरी हवं.

गोळी, कॉपर टी, इंजेक्शन यांच्याकडे जाणार असाल तर डॉक्टरकडे दोघं जा. इंदूरमध्ये पी.सी. सेठी हॉस्पिटल किंवा एमटीएचसारख्या सरकारी ठिकाणी हे फुकट होतं, वस्तीतल्या आशा दीदीलाही निरोध आणि गोळ्या मागता येतात, लाजू नका, तिचं ते कामच आहे. काय सांगायचं ते आधीच चिठ्ठीवर लिहून न्या: बीपी, अर्धशिशी आणि विशेषतः डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी, पायात रक्ताची गाठ झाली होती का, सिगारेट-तंबाखू, टीबीची औषधं चालू आहेत का कारण रिफाम्पिसिनने गोळीचा परिणाम कमी होतो, आणि बाळ पाजतं आहे का कारण नेहमीची माला गोळी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत देत नाहीत. मला एका खाजगी डॉक्टरने बीपी न मोजता चिठ्ठी लिहून दिली होती, बाहेर वीस पेशंट होते म्हणून. मी परत आत गेले आणि म्हटलं मॅडम, मशीन लावा. रागावल्या, पण लावली.

गोळी विसरली तर आठवली की लगेच घ्या आणि त्या दिवसाची पण ठरल्या वेळी घ्या, सलग दोन किंवा जास्त विसरल्या तर पुढचे सात दिवस निरोध. अंतराबद्दल एक गोष्ट ऐकून घ्या, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात-दहा महिने जाऊ शकतात, म्हणून "पुढच्या वर्षी बाळ हवं" असं असेल तर हे नको. कॉपर टी ३८०-ए दहा वर्षं चालते पण मनात आलं तेव्हा काढता येते, सुरुवातीचे काही महिने पाळी जड जाते. आणि बाळंतपणानंतर लगेच ४८ तासांत बसवतात हल्ली, चांगली सोय आहे, पण त्याचं हो किंवा नाही आठव्या-नवव्या महिन्यातच सांगून फाइलवर लिहवून घ्या, कळा चालू असताना कुणी कागद पुढे केला तर कुणाला काय वाचायचं सुचतं.

दोन मुलांत अंतर किती, तर बाळ झाल्यावर किमान दोन वर्षं थांबून मग पुढचं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सासूबाईंना हे डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या, तुमच्या तोंडून नाही.

नसबंदीचं थोडक्यात. ती कायमची आहे असंच धरून चला, परत जोडता येते या भरवशावर कुणी करू नये. कॅथलिक शिकवणीत ती बसत नाही हे आधी सांगितलंच. ज्यांच्या विवेकाला चालते त्यांनी पुरुषाचं आधी विचारात घ्या, टाका नाही, भूल जागेपुरती, अर्ध्या तासाच्या आत होतं आणि त्याच दिवशी घरी, तरी आपल्याकडे जवळपास सगळ्या शस्त्रक्रिया बायकांच्याच होतात. पुरुषाची झाल्यावर तीन महिने निरोध आणि मग वीर्याची तपासणी, ती न करता बिनधास्त होऊ नका. आणि शिबिरात जाऊ नका, नीट हॉस्पिटलमध्ये जा. २०१४ ला छत्तीसगडमध्ये बिलासपूरकडे शिबिरात शस्त्रक्रिया केलेल्या तेरा बायका गेल्या, त्यानंतर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ही शिबिरं बंद करायला सांगितली.

आता मंडळीतल्या मावशा. उपासना संपली की दारात चहाच्या कपासोबत "काय गं, गुड न्यूज कधी?" हे ठरलेलंच आहे. माझं उत्तर असायचं, "मावशी, प्रार्थनेत ठेवा." यावर कुणाला पुढे बोलताच येत नाही. पहिल्या मुलीनंतर "आता एक मुलगा होऊ दे" वाल्यांना मात्र नवऱ्याने उत्तर द्यायचं असं आमचं ठरलं होतं, त्याच्या बाजूचे त्याने आणि माझ्या बाजूचे मी. आणि वर्षभर काही न वापरता दिवस राहत नसतील, वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिनेच, मग मावशांना नाही तर डॉक्टरला भेटा, दोघंही, तपासणी दोघांची. तिथे तीच तापमानाची वही कामाला येते.

आम्ही शेवटी काय केलं असं बहिणीने विचारलंच. धाकट्यानंतर मी म्हटलं माझ्याच्याने रात्री तीनदा उठून सकाळी तापमान घेणं होणार नाही, आणि आईच्या गोळ्या मला सोसत नव्हत्या, डोकं दुखायचं. नवरा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी पीथमपूरहून येताना मेडिकलमधून निरोधची पुडी घेऊन आला, कपाटात वर ठेवली, आणि शनिवारी लाल चर्चला जाऊन कन्फेशन करून आला. फादर काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. असं चार वर्षं चाललं. मुलं रात्रभर झोपायला लागली तेव्हा त्यानेच एक दिवस चौकटीची वही आणली, आणि आता सकाळी साडेपाचला अलार्म वाजला की थर्मामीटर माझ्या हातात देतो आणि आकडा तो लिहितो, कारण माझा चष्मा लांब असतो.